खालचे दार

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरमध्ये, चारही बाजूंनी दगडी भिंती असलेल्या एका जुन्या बागेत मी भाजीपाल्याचे वाफे सांभाळते. आमच्या सांगलीकडे डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल उकिरड्यावर आपोआप चढतो. येथे तो उघड्यावर पिकवायचा तर एकेका दिवसाचा हिशेब ठेवावा लागतो, कारण मे महिना संपत आला तरी एखाद्या रात्री दव गोठते. म्हणून आम्ही बटरनट या उशिरा पिकणाऱ्या डांगराच्या नादी न लागता, शंभरएक दिवसांत तयार होणारा ‘उचिकी कुरी’ हा लाल जपानी वाण लावतो.

गेल्या वर्षी पाहुणे बाग पाहायला येण्यापूर्वी वाफे भरलेले दिसावेत, असा कार्यालयाचा आग्रह होता आणि मी तो मानला. आठ दिवस रोज बाहेर-आत करून कणखर केलेली २४ रोपे मी १८ मेला लावली. २६ मेच्या रात्री किमान २ अंशांचा अंदाज होता. मात्र हा आकडा माणसाच्या छातीइतक्या उंचीवरच्या हवेचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगत पारा शून्याखालीही जातो, हे जाणून मी रोपांवर क्रॉप कव्हरचे पातळ कापड घातले होते. तरीही पहाटे १७ रोपांची पाने उकडलेल्या पालकासारखी काळपट, पाणचट झालेली दिसली. वाचलेली ७ रोपे वरच्या भिंतीलगतची होती.

बाग उतारावर आहे. थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी खाली वाहते आणि खालच्या भिंतीशी तुंबते. तिला वाट मिळावी म्हणून त्या भिंतीतले दार रात्री उघडे ठेवायचे असते. त्या रात्री ते सुरक्षेच्या नियमानुसार बंद केलेले होते. बंद करणाऱ्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. वाफ्यात कधी पाऊल न टाकता नियम करणाऱ्यांना देते.

दुसऱ्याच दिवशी मी उबदार खोलीत नवे बी टोचले आणि ती रोपे १७ जूनला बाहेर लावली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांनी वाचलेल्या सातांना गाठले. फळेही त्यांनाच अधिक धरली. ती सात रोपे त्या एका रात्रीच्या गारठ्याने खुंटली, की १८ मेच्या थंड मातीत त्यांची मुळे आधीपासूनच अडून बसली होती? पहिले खरे असेल तर दोष दाराचा. दुसरे असेल तर माझ्या होकाराचा.

यंदा बी १० मेला टोचले आहे. वाफ्यावर अंथरलेल्या काळ्या मल्चिंग पेपरखालची माती सकाळी १४ अंशांवर येईपर्यंत एकही रोप बाहेर नेणार नाही, असे मी कार्यालयाला लेखी कळवले आहे. त्याच पत्रात खालच्या दाराविषयी केलेल्या विनंतीला अद्याप उत्तर आलेले नाही.