यंत्रमागांचे एजंट आणि फिटनेसचा पेच

टॉवेलांची एक मोठी ऑर्डर सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील लहान लहान यंत्रमाग कारखान्यांत कशी वाटली जाईल, या प्रश्नावर बेतलेले माझे संगणकी मॉडेल आता बऱ्यापैकी स्थिरावले आहे. प्रत्येक कारखाना हा एक स्वतंत्र एजंट आहे. तो घोषणा ऐकतो, बोली पाठवतो आणि काम अंगाबाहेर गेले तर त्यातला काही भाग शेजाऱ्याकडे सरकवतो. ही चौकट रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये मांडलेल्या कॉन्ट्रॅक्ट नेट प्रोटोकॉलची आहे. मी फक्त नियम हाताने लिहिण्याऐवजी ते जेनेटिक अल्गोरिदमवर, म्हणजे यशस्वी नियम पिढ्यानपिढ्या निवडत आणि किंचित बदलत नेणाऱ्या पद्धतीवर, सोपवले.

गुणसूत्र, म्हणजे एजंटाचे नियम लिहून ठेवणारी 0-1 बिटांची ओळ, ठरवताना रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांचा 1987 चा प्रयोग समोर होता. कैद्यांच्या पेचातील, म्हणजे दोघांनी दर डावात साथ द्यायची की दगा हे ठरवायच्या खेळातील, मागच्या तीन डावांच्या 64 शक्यता आणि सुरुवातीसाठी 6 बिट, अशा 70 बिटांत त्यांनी अख्खा डावपेच बसवला होता. माझ्या एजंटाला एवढी स्मृती लागत नाही. शेजाऱ्याने मागच्या तीन वेळा माल वेळेवर दिला की नाही, एवढेच तो पाहतो. म्हणजे आठ शक्यता, प्रत्येकीत त्याला काम द्यायचे की नाही हे सांगणारे आठ बिट, आणि वर बोलीच्या नफ्यासाठी चार.

खरा पेच फिटनेसचा, म्हणजे कोणता एजंट किती यशस्वी हे कशावरून मोजायचे याचा आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नफ्यावर गुण दिले, तेव्हा सगळे एजंट पडेल भावात ऑर्डरी ओढू लागले आणि माल रखडू लागला. उलट, साऱ्या जाळ्याच्या वेळेवर पोचलेल्या मालावर सर्वांना सारखेच गुण दिले, तर निवडीला निवडण्यासारखे काही उरत नाही आणि पिढ्या नुसत्या भरकटतात. यावरचा नीट उपाय म्हणजे एका एजंटाला वगळून तेच जाळे पुन्हा चालवायचे आणि दोन निकालांतला फरक त्याच्या नावावर मांडायचा. उपाय उत्तम आहे. पण 48 एजंट असतील तर प्रत्येक पिढीला 48 जादा फेऱ्या पडतात, आणि माझा जुना संगणक तेवढ्यात घायकुतीला येतो.

म्हणून सध्या निवड शेजारापुरती ठेवली आहे: एजंट आपल्या चार शेजाऱ्यांपैकी सर्वांत यशस्वी असलेल्याचे बिट उचलतो, त्यात थोडे म्युटेशन, म्हणजे एखाद्या बिटाचा आपसूक बदल, होते. नोवाक आणि मे यांनी 1992 मध्ये चौकटींच्या जाळ्यावर सहकार्य करणारे घोळक्याने टिकतात हे दाखवले होते. माझ्याकडेही तसेच घोळके जमले. त्यांच्यातला एक सामान्य बिटक्रम वाचण्याजोगा आहे: आधी दोनदा वेळेवर देऊन शेवटी उशीर केला, तर काम नाही, आधी दोनदा उशीर करून शेवटी वेळेवर दिले, तर काम आहे. जशास तसे, पण डूख न धरता.

यापुढे शेजाऱ्यांच्या जाळ्यातील काही दुवे तोडून ते दूरच्या एजंटांना जोडून पाहणार आहे. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांच्या 1998 च्या पद्धतीने असे थोडेसे दुवे बदलले तरी जाळ्यातली सरासरी अंतरे झपाट्याने घटतात, आणि मग पडेल भावाचे बिटही घोळक्यात सहज शिरतील असा माझा अंदाज आहे. सायझिंगचा (सुताला खळ लावण्याचा) खोळंबा आणि वीज जाणे हे दोन्ही मॉडेलमध्ये त्यानंतरच घालीन, कारण आताच घातले तर कुठला परिणाम कशाचा हे ओळखता येणार नाही.