उद्या परत त्याच चिखलात?

झिरो, अरुणाचल. रात्रीचे साडेअकरा. होमस्टेच्या चुलीपाशी बसलोय. मोजे सुकतायत, त्यांचा वास मात्र हटायला तयार नाही.

आज म्युझिक फेस्टिव्हलचा दुसरा दिवस आणि धो धो पाऊस. बांबूच्या स्टेजसमोरचं मैदान म्हणजे लावणीच्या दिवसांतलं खाचर. एकदा तर बूट आतच राहिला आणि पाय तेवढा बाहेर! शेजारच्या अनोळखी पोरांनी ओढून काढला, वर अपाँग पाजलं (तांदळाची बिअर, जपून प्या). इथले आपातानी लोक भाताच्या खाचरात मासे पाळतात. आम्ही त्यातलेच दिसत असणार.

बायकोचा सवाल: पुणे ते गुवाहाटी विमान, रात्रभर नाहरलगूनची गाडी, मग सुमोत हाडं खिळखिळी. हे सगळं चिखलासाठी? मुळशीत फुकट होता की!

बिनतोड मुद्दा. पण संध्याकाळी एक मुलगी नुसती गिटार घेऊन खासी भाषेत (मेघालयातली) गायली. शब्द एक कळला नाही. पाऊस कोसळत होता, जागचं कुणी हललं नाही. बायकोसुद्धा.

अजून दोन दिवस आहेत. हापोलीच्या बाजारात गमबूट मिळतात म्हणे. दुकान किती वाजता उघडतं, ते मगाशी तिनेच मालकीणबाईंना विचारून ठेवलंय.