हिमालयन ४११ चा मागचा टायर: १३०/८० टाकला, १४० चा नाद सोडला

तर मंडळी, टायरचं एकदाचं झालं. मागच्या अपडेटला माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ वर कंपनीचाच सिएट ग्रिप एक्सएल १२०/९०-१७ होता, मधला पट्टा पार सपाट, टीडब्ल्यूआयच्या (टायर बदलायची वेळ दाखवणाऱ्या) खुणेला टेकलेला, आणि मी हा घेऊ का तो घेऊ करत बसलेलो. आता १३०/८०-१७ बसलाय, घाट झालेत, पाऊसही झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी १४० चं बोलू, कारण विचारतात सगळे तेच. नवीन हिमालयन ४५० मागे १४०/८०-१७ घेऊन आली आणि तेव्हापासून ४११ वाल्या प्रत्येकाला आपलं मागचं चाक बारीक वाटायला लागलं. रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळीला गेलो की दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहतात, मग तर्रीपेक्षा टायरचीच चर्चा जास्त. माझ्याही डोक्यात १४० च होता, खोटं कशाला बोलू. पण घ्यायच्या आधी वही-पेन घेऊन बसलो.

हिशोब सोपा आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचात. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. १२०/९० ची साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, १०८ मिमी, दोन्ही बाजू धरून पूर्ण चाक साधारण ६४८ मिमी. १३०/८० ची साइडवॉल १०४, चाक ६४०. १४०/८० ची ११२, चाक ६५६. म्हणजे गंमत बघा, १३० टाकून आपण 'मोठा टायर टाकला' म्हणून सांगत फिरतो आणि चाक प्रत्यक्षात ८ मिमीने लहान झालेलं असतं! गाडी मागून ४ मिमी खाली बसते, गिअरिंग सव्वा टक्क्याने छोटं होतं, म्हणजे टॉप गिअरला ज्या स्पीडला ५००० आरपीएम होते तिथे ५०६० च्या आसपास. हायवेला हे कळतही नाही, घाटात उलट बरंच. एकच तोटा, साइडवॉल ४ मिमी कमी म्हणजे खड्ड्यात आपटल्यावर उशी तेवढी कमी, आणि आपली ट्यूबवाली स्पोक रिम, त्यामुळे हवा कमी ठेवून फिरायची सवय असेल तर ट्यूब चिमटून पंक्चर ठरलेलं.

१४० का नाही? दोन कारणं, आणि पहिलं रिमचं. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते, रिम अरुंद असली की टायर दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो आणि मधे टोकदार होतो. माझा १३० बसवल्यावर व्हर्नियर लावला तर १२५ च्या आतबाहेर भरला, १३० नाहीच. मग १४० चं काय होईल? रुंदी तर पूर्ण मिळत नाहीच, वर मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, मुंबई-आग्रा हायवेला सरळ धावताना तोच झिजतो आणि कडांवरचं रबर नवंच्या नवं राहतं. टायर कंपन्या प्रत्येक साइझला कुठल्या कुठल्या रुंदीची रिम चालते ते देतात, रिमवरही तिची रुंदी कोरलेली असते, दोन्ही आकडे जुळवून बघा, दुकानदाराला विचारू नका. मी द्वारकाजवळ एका दुकानात विचारलं तर 'बसतो ना साहेब, सगळे टाकतात', आणि रिमकडे ढुंकूनही बघितलं नाही.

दुसरं कारण गॅप, म्हणजे टायर आणि त्याच्या पुढच्या स्विंगआर्ममधली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यामधली) जागा. इथे बहुतेक जण जुन्या ताणलेल्या चेनवर मोजतात आणि फसतात. चेन जुनी झाली की ॲडजस्टरने चाक मागे गेलेलं असतं, म्हणून स्विंगआर्मपुढे जागा भरपूर दिसते. नवीन चेन टाकली की तेच चाक पुढे येतं. त्यामुळे मोजायचं तर चाक सगळ्यात पुढे आणून मोजायचं, आणि डाव्या बाजूला चेन आणि टायरमधलं अंतर वेगळं बघायचं. वर आपल्याकडे दिंडोरी-वणीच्या पट्ट्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातला काळा चिखल रस्त्यावर आणून टाकतात, तो टायरच्या खाचांत बसतो, त्यात खडी चिकटते, म्हणजे कोरड्या टायरला पुरणारा गॅप चिखलात पुरत नाही.

काही जण म्हणतील १४० चा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) जास्त असतो. असतो ना. १२०/९० वर साधारण ६४ लिहिलेलं असतं म्हणजे २८० किलो, १३०/८० वर ६५ म्हणजे २९०, १४०/८० वर ६९ म्हणजे ३२५. पण रिम, स्पोक, मोनोशॉक सगळं तेच राहतं, गाडी काही ३५ किलो जास्त वाहायला लागत नाही. बायको मागे, दोन्ही पॅनिअर भरलेले, तंबू वर, एवढं सगळं धरूनही मला २९० पुरतात. आणि इंजिन २४ हॉर्सपॉवरचं, त्याने रुंद टायर ओढायचा तो फक्त फोटोसाठी.

मग १२०/९० च परत का नाही घेतला? खरं सांगायचं तर चॉइस. १३०/८०-१७ हा जगभर चालणारा साइझ आहे, कावासाकी केएलआर ६५० ला कंपनीकडूनच मागे हाच आणि पुढे आपल्यासारखाच ९०/९०-२१ येतो, त्यामुळे रोडपासून पार मातीसाठीच्या गोट्यांच्या नॉबीपर्यंत सगळे पॅटर्न यात मिळतात. मी मधला घेतला, रस्ता जास्त माती कमी असा. घेताना साइडवॉलवरचा चार आकड्यांचा कोड बघून घ्या, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

बसवायला सातपूरला माझ्या नेहमीच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. ट्यूब नवीनच टाकली, डब्यावर १३०/८०-१७ छापलंय का बघून, रिम टेपही बदलली. बाण फिरायच्या दिशेला, पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी. हवा भरल्यावर रिमलगत टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. आमची व्हॉल्व्हपाशी आत दबलेली. चाचा म्हणाले, चालवा, बसेल आपोआप. मी म्हटलं, चाचा परत काढू. पूर्ण हवा काढली, कडेला साबणाचं पाणी, परत भरली, 'फट्ट' करून आवाज आला आणि रेघ जागेवर. हे करून घ्याच, नाहीतर ऐंशीला मागून गाडी उड्या मारते आणि लोक बॅलन्सिंगला दोष देतात.

आता चालवून. नवीन रबर गुळगुळीत असतं म्हणून सुरुवातीला त्र्यंबक रोडनेच सावकाश फिरवली, मग सापुतारा, मग जव्हारकडे उतरणारा तोरंगण घाट. वळणात गाडी पूर्वीपेक्षा पटकन झुकते, टोकदार प्रोफाइलचा परिणाम, दोन-चार वळणांत हात बसतो. कसारा घाट ओल्यात उतरताना मागचा ब्रेक दाबला की जुना टायर जसा सरकायचा तसं आता होत नाही, पण याचं श्रेय जास्त नव्या रबराला, रुंदीला नाही. नवा १२०/९० असता तरी निम्म्याहून जास्त फरक पडलाच असता. आवाज मात्र वाढलाय, साठ-सत्तरला घूं घूं येतं, बायकोला इंटरकॉमवर ऐकू जातं म्हणाली. साइड स्टँडला गाडी पूर्वीपेक्षा किंचित जास्त सरळ उभी राहते, उताराच्या बाजूला लावताना बघून लावतो. मायलेजमध्ये सांगण्यासारखं काही नाही.

पुढचं काम स्पोक तपासून घेणं आणि चेन-स्प्रॉकेट. ती टाकली की चाक पुढे येईल, तेव्हा गॅप परत मोजून इथेच टाकतो. आणि कोणी ४११ ला १४०/८० टाकून नव्या चेनवर मोजलं असेल तर आकडा सांगा, फोटो नका टाकू, फोटोत सगळंच भारी दिसतं.