चार पट्ट्यांचा क्रम

मॉरिशसच्या झेंड्यावर चक्र नाही, चांद-तारा नाही, डोडो पक्षीही नाही. तो बिचारा राजमुद्रेत जाऊन बसलाय. चार आडवे पट्टे, सगळे सारख्या रुंदीचे. वरून लाल, निळा, पिवळा, हिरवा. इतका साधा झेंडा असला की त्यात चुकायला एकच जागा उरते, ती म्हणजे क्रम. खूण कुठलीच नसल्यामुळे झेंडा उलटा बांधला गेला तरी दोरी ओढणाऱ्याला पत्ता लागत नाही. तो वर जाऊन उलगडतो, हिरवा माथ्यावर दिसतो आणि मग खालून कुजबुज सुरू होते.

शिवायलाही तो दिसतो तितका सोपा नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, म्हणून 90 बाय 60 सेंटिमीटरचा आकार हिशेबाला बरा. प्रत्येक पट्टा 15 चा. पण कापड 15 चं कापलं की फसलंच. मधल्या दोन पट्ट्यांचं दोन्ही शिवणींत एकेक सेंटिमीटर जातं, म्हणून ते 17 चे कापायचे. लाल आणि हिरव्याच्या बाहेरच्या कडेला दुहेरी दुमड येते, तिथे दोन सेंटिमीटर जातात, म्हणजे ते 18 चे. सगळे 17 चे कापणाऱ्याचे लाल-हिरवे पट्टे बारीक होतात आणि झेंडा अंगावर आखडलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. सुती लाल कापड आधी धुऊन घ्यावं, नाहीतर 12 मार्चला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, पहिल्याच सरीत त्याचा रंग खालच्या निळ्यावर उतरतो. काठीपासून लांबची उभी कड सगळ्यात आधी विरते, कारण बेटावर आग्नेयेचा वारा जवळजवळ वर्षभर वाहतो. त्या कडेला टीप दोनदा मारलेली बरी.

रंगांचा सरकारी अर्थ असा: लाल स्वातंत्र्याच्या लढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या नव्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा आणि बारमाही हिरवाईचा. कल्पना गुरुदत्त मोहेर या शाळामास्तरांची, असं मानतात. सरकारने त्यांना मान दिला तो 2018 साली, ते गेल्यावर. पण लोकांच्या बोलण्यात दुसराही एक अर्थ आहे आणि मला तो जास्त पटतो. हे रंग तिथल्या चार पक्षांचे: लाल लेबर पार्टीचा, निळा पीएमएसडीचा, पिवळा इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉकचा, हिरवा मुस्लिम कृती समितीचा. यातली गंमत कळायला 1967 ची निवडणूक माहीत हवी. लाल, पिवळा आणि हिरवा स्वातंत्र्य मागत होते. निळ्याला ते नको होतं.

ती निवडणूक 7 ऑगस्ट 1967 ला झाली. प्रश्न एकच होता, ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की त्याच्याशी जोडून राहायचं. थेट निवडून आलेल्या 62 जागांपैकी 39 स्वातंत्र्यवाल्यांना, 23 गाएतां द्युवाल यांच्या पीएमएसडीला. जागांमध्ये फरक मोठा दिसतो, पण मतांत पाहिलं तर चाळीस टक्क्यांहून जास्त लोक विरोधात गेले होते. हिंदू बहुसंख्येच्या हाती राज्य जाईल ही धास्ती क्रिओल (आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या) आणि गोऱ्या घरांत खोलवर होती; कित्येकांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. जानेवारी 1968 मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली, आणीबाणी लागली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. समारंभाला येणाऱ्या राजकन्या अलेक्झांड्रांचा दौरा रद्द झाला. त्यामुळे 12 मार्च 1968 ला भर दुपारी बारा वाजता तिथल्या शां द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि चार पट्टे चढले, तेव्हा मानवंदनेला शेजारी शेजारी उभे होते ते गव्हर्नर सर जॉन शॉ रेनी आणि पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. जगात मध्यरात्री स्वातंत्र्य घेण्याची हौस फार. इथे भरदुपारी काम उरकलं. त्या परिस्थितीत तेच शहाणपणाचं होतं.

मग 1969 च्या अखेरीस द्युवाल साहेब रामगुलाम यांच्याच सरकारात सामील झाले आणि परराष्ट्रमंत्री झाले. ज्या देशाचा जन्मच नको होता, त्याचीच वकिली जगभर करत हिंडले. आज मॉरिशसचं पैशांचं पाकीट उघडलं तर ही सगळी मंडळी भेटतात. 200 रुपयांच्या नोटेवर मुस्लिम कृती समितीचे सर अब्दुल रझाक मोहम्मद, 500 वर फॉरवर्ड ब्लॉकचे सुखदेव विष्णुदयाल, 1000 वर द्युवाल, 2000 वर रामगुलाम. स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्याची किंमत स्वातंत्र्यवीरांपैकी दोघांच्या वर लागली, हे त्या देशाच्या स्वभावाला धरूनच आहे.

नोटांतही क्रमानेच घोळ घातला होता. 1998 च्या मालिकेत इंग्रजीखाली हिंदी आणि त्याखाली तमिळ छापलं गेलं. तमिळ समाज खवळला. फ्रेंचांच्या काळात पाँडिचेरीकडून आलेले कारागीर आमचे, उत्तरेकडच्या मजुरांची जहाजं नंतरची, मग आम्ही खाली का? नोटा मागे घेतल्या गेल्या आणि तमिळ वर, हिंदी खाली अशा पुन्हा छापून आल्या. परक्याला हे भांडण हास्यास्पद वाटेल. ज्यांचे पूर्वज कुठल्या जहाजाने कधी उतरले एवढंच घराण्याचं भांडवल आहे, त्यांना नाही वाटत.

तारीख मात्र कुणाशी भांडावं न लागता मिळाली, ती आपल्याकडून. 12 मार्च 1930 ला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, त्या दिवसाची आठवण म्हणून रामगुलाम यांनी हा दिवस निवडला. नातं त्याहून जुनं आहे. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचं जहाज मॉरिशसला थांबलं होतं आणि तिथल्या मजुरांची हालत त्यांनी पाहिली. पुढे 1907 मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर त्यांच्या सांगण्यावरून तिकडे गेले. 1992 मध्ये राणीचं नाममात्र राज्य संपवून देश प्रजासत्ताक झाला, तोही 12 मार्चलाच. एका सुट्टीत दोन्ही कामं. आपण मात्र ऑगस्ट आणि जानेवारी असे दोन दिवस झेंडावंदनाला उठतो. प्रमुख पाहुणा भारतातून येणं हाही आता रिवाजच झालाय: 2018 मध्ये पन्नासाव्या वर्षी राष्ट्रपती रामनाथ कोविंद, 2024 मध्ये द्रौपदी मुर्मू, 2025 मध्ये पंतप्रधान मोदी.

शां द मार्स म्हणजे 1812 पासूनचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. मॉरिशसला खडं सैन्य नाही, त्यामुळे संचलनात पोलीस, त्यांचंच स्पेशल मोबाइल फोर्स आणि तटरक्षक दल. शाळांतलं झेंडावंदन 12 तारखेच्या आधीच उरकतं; पंतप्रधानांचा संदेश वाचला जातो, मुलं तो ऐकताना खाऊच्या पिशवीकडे बघत असतात. मार्च हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. ढग कधी फुटतील सांगता येत नाही, आणि त्याचा पहिला फटका सेगाच्या, म्हणजे तिथल्या लोकसंगीताच्या, वाद्यांना बसतो. रावान या डफासारख्या वाद्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं. दमट हवेत ते सैल पडतं, आवाज भदभद येतो. म्हणून वाजवण्याआधी रावान जाळावर धरून शेकतात, कडेकडेने फिरवत, मध्ये बोटांनी ठोकून बघत. एकाच जागी जास्त वेळ धरलं तर कातडं तडकतं. त्याच मंचावर प्रत्येक समाजाचं काहीतरी असतं आणि मराठी मंडळींचं झाकरी. रत्नागिरीकडचा आपला जाखडी नाच तो हाच. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी देणाऱ्या या बेटावर झाकरी कुणाला परकी वाटत नाही.

कार्यक्रम संपला की लोक ढोल पुरीच्या, म्हणजे डाळपुरीच्या, गाडीकडे वळतात. पुरी म्हणतात, पण ती तळत नाहीत. गूळ न घातलेली पुरणपोळीच ती. पाव किलो पिवळ्या वाटाण्याची डाळ चार-पाच तास भिजवायची आणि हळद घालून शिजवायची. दोन नखांत दाबली की तुटावी, पण आकार सोडू नये, एवढीच. सगळी मेख इथे आहे. जास्त शिजली तर सारण ओलं होतं आणि पोळी लाटताना फुटते. कच्ची राहिली तर कणी मैद्याला भोकं पाडते. डाळ निथळून चाळणीवर पसरून पूर्ण गार करायची, मग भाजलेल्या जिऱ्याबरोबर कोरडीच दळायची. हातात घेतली तर भुरभुरली पाहिजे. निथळलेलं पिवळं पाणी टाकायचं नाही. कोमट असताना त्यातच अर्धा किलो मैदा चमचाभर तेल आणि मिठासह सैलसर भिजवायचा आणि अर्धा तास झाकून ठेवायचा. लिंबाएवढ्या गोळ्यात दीड-दोन चमचे सारण, तोंड नीट बंद, ते खाली ठेवून पलीकडचं दिसेल इतकी पातळ लाटायची. तवा चांगला तापलेला हवा, प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट, वरून तेलाचा हात. मंद आचेवर रेंगाळली की कडक होते आणि गुंडाळताना मोडते. उतरली की लगेच फडक्यात, एकावर एक.

विकताना ती नेहमी जोडीनेच देतात. आत पांढऱ्या मोठ्या वालाचा रस्सा, टोमॅटोची रुगाय (तिथला मसालेदार सॉस), कोथिंबिरीची चटणी, मिरची. रुगाय पातळ असेल तर शेवटी घालायला सांगावी, म्हणजे पहिला घास तोंडात जाईपर्यंत कागद भिजत नाही.