तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यात राहून बर्फावर गाडी चालवायला कशाला शिकले

"अगं पण ठाण्यात कुठे बर्फ पडतो?" हा प्रश्न मला भिशीत विचारला गेलाय, भाच्याच्या लग्नात विचारला गेलाय, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलाय आणि परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा आमच्या मेकॅनिकनेही विचारला. झालं असं की लेकीकडे अमेरिकेत डेन्व्हरला गेले होते तेव्हा तिथून तीनेक तासांवर डोंगरात स्टीमबोट स्प्रिंग्ज म्हणून गाव आहे, तिथे मी शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा बर्फावर गाडी चालवायचा कोर्स केला, वय वर्षं ५६. विचारणाऱ्याला मी दरवेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

हे सगळं सुरू झालं घोडबंदर रोडवर.

२०१६ चा जून. वसईला मावशीकडे गेलो होतो, मी आणि आई, येताना मावशीने आमरसाचा डबा दिला, स्टीलचा, कडीचा, आई तो मांडीवर धरून बसली होती. फाउंटन हॉटेलचा नाका सोडला आणि पाऊस सुरू झाला, त्या वर्षीचा पहिलाच, काच पुसली की लगेच तेलकट व्हायची असा. गायमुखचा घाट उतरताना पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, मी पण मारला, जीव खाऊन मारला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी हलकी झाली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. स्टिअरिंग एकदम हलकं, टायरचा आवाज बंद, आणि गाडी आपली सरळ निघालीय. चाकं लॉक झाली होती, म्हणजे फिरायचीच थांबली होती, आणि ते होऊ न देणारी एबीएस नावाची ब्रेकची यंत्रणा त्या गाडीला नव्हती. माझे डोळे डाव्या बाजूच्या कठड्यावर खिळलेले, आणि गाडी बरोब्बर तिथेच गेली. आरसा तुटला, डावा कोपरा आत गेला, डबा उघडून डॅशबोर्डवर, आईच्या साडीवर सगळा आमरस. आईच्या कपाळाला जरासं टेंगूळ आलं. तेवढ्यावर निभावलं. आई म्हणाली, "तुला नाही ना लागलं?"

गाडी पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन आली. मी नाही झाले. पुढची सात वर्षं मी पावसात गाडी चालवली नाही, जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली आणि मी रिक्षा नाहीतर टीएमटीची बस. दोनदा प्रयत्न केला, मानपाड्यापर्यंत गेले, वायपर सुरू केला की तळहाताला घाम सुटायचा आणि मी परत फिरायचे. माहिती सगळी होती हो मला. पहिल्या पावसात रस्ता जास्त घसरतो कारण महिनोनमहिने डांबरावर बसलेलं तेल, टायरच्या रबराची पूड, धूळ असं सगळं थोड्याशा पाण्यात कालवलं जातं, नंतर जोराची सर येऊन गेली की ते धुऊन जातं, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. पण माहिती डोक्यात असते आणि गाडी घसरते तेव्हा कामाला येतात हात, पाय नि डोळे, आणि माझ्या हातापायांनी घसरणं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही दोन सेकंद.

तर डेन्व्हरला जानेवारीत लेक बर्फातून ऑफिसला जायची, मी कधीकधी शेजारी बसायचे आणि माझा उजवा पाय गाडीच्या फरशीवर ब्रेक दाबत राहायचा. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला या कोर्सबद्दल सांगितलं, तिने नाव घालायचं ठरवलं, आणि मी म्हटलं माझंही घाल. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "आई, नक्की ना?" तिला २०१६ माहीत होतं. बाकी काही विचारलं नाही तिने.

जाताना आयझेनहॉवर बोगदा लागतो, जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर, मग पुढे रॅबिट इअर्स नावाची खिंड. बोगदा ज्या हायवेवर आहे त्यावर डोंगराच्या पट्ट्यात सप्टेंबर ते मे असा नियमच आहे, बर्फाला चालतील असे टायर नाहीतर चेन गाडीत पाहिजेत. रस्ताभर मी गप्प होते.

शनिवारी सकाळी आधी वर्गात बसवलं तासभर. शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, आयुष्य बर्फावर काढलेले. त्यांनी आपला तळहात वर केला आणि म्हणाले, एक टायर रस्त्याला जेवढा टेकतो ना तो साधारण एवढाच, म्हणजे तुमची अख्खी गाडी चार तळहातांवर उभी आहे. आणि त्या तळहातांची पकड ठरलेली असते, तीच ब्रेकला वापरायची, तीच वळायला, तीच वेग घ्यायला. मला हे लगेच पटलं कारण बत्तीस वर्षं बँकेत काढलीत, खातं एक आणि विड्रॉवल तिघांची. कोरड्या रस्त्यावर बॅलन्स भरपूर असतो म्हणून कळत नाही, वळतावळता ब्रेक मारला तरी खपून जातं. बर्फावर खात्यात काहीच नसतं, तिथे आधी सरळ रेषेत ब्रेक मारून घ्यायचा, ब्रेक सोडायचा, मग वळायचं, वळण सुटलं की मग गॅस. एका वेळी एकच काम.

मग ट्रॅक. बर्फाने भरलेलं मोठं माळरान, त्यावर रात्री पाणी मारून गोठवतात, कडेला मऊ बर्फाचे ढिगारे, म्हणजे गाडी घसरून गेली तरी फुस्सकन त्यात रुतते, ट्रॅक्टर येऊन ओढून काढतो, कुणी ओरडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. चुकायला जागा होती तिथे. घोडबंदरला चुकायला जागा नसते.

पहिला धडा नुसता ब्रेकचा. ताशी ४० च्या वेगाने यायचं आणि रस्त्यावर खूण म्हणून ठेवतात तसल्या उभ्या प्लास्टिकच्या कोनपाशी ब्रेक पूर्ण दाबायचा. कोरड्या डांबरावर त्या वेगाला ब्रेक लागल्यापासून गाडी आठेक मीटरमध्ये उभी राहते, गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर साठ मीटर सहज. मी दाबला. पायाखाली कडकडकड करून पेडल थरथरायला लागलं, जणू खालून कुणी लाथा मारतंय, आणि मी घाबरून पाय काढला. शेजारी बसलेले ते शिकवणारे म्हणाले काढू नका, तो थरथराट म्हणजे गाडी तुमच्यासाठी काम करतेय, एबीएस एका सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं-धरतं म्हणजे चाक लॉक होत नाही आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. दुसऱ्यांदा दाबून ठेवला आणि स्टिअरिंग हळूच डावीकडे वळवलं. गाडी वळली! ब्रेक पूर्ण दाबलेला असताना, बर्फावर, गाडी हळूहळू का होईना वळून कोनच्या बाजूने गेली. तिथे माझ्या डोळ्यात पाणी आलं. आपल्याकडे नव्या सगळ्या कार्सना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आता कितीतरी जणांच्या गाडीत ही गोष्ट आहे आणि बहुतेकांनी ते थरथरणारं पेडल पायाखाली एकदाही अनुभवलेलं नाही, जेव्हा पहिल्यांदा अनुभवतील तेव्हा माझ्यासारखाच पाय काढतील. एखाद्या पावसाळ्या दिवशी रिकाम्या बंदिस्त आवारात, आजूबाजूला कुणी नसताना, वीस-पंचवीसच्या वेगाला एकदा कचकन ब्रेक दाबून बघा. खरंच बघा.

दुपारी ऊन पडलं आणि तोच ट्रॅक जास्त निसरडा झाला, सकाळी उणे अठराला जो बर्फ जरा खरखरीत होता तो शून्याच्या जवळ आल्यावर वरून पाण्याचा पातळ थर धरून काचेसारखा झाला. म्हणजे कडाक्याच्या थंडीपेक्षा वितळायला आलेला बर्फ वाईट. टायरचं पण दाखवलं, तीच गाडी साध्या टायरवर आणि मग विंटर टायरवर. विंटर टायर हाताने दाबून बघितला, रबर मऊ, आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा, अगदी चिरोट्याच्या पदरांसारख्या, त्या बर्फाला धरतात. साधं रबर सात डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं. ठाण्याला याचा काही उपयोग नाही अर्थात, पण टायर हे नुसतं गोल काळं काहीतरी नाही हे तिथे डोक्यात बसलं ते बसलं.

रविवार घसरण्याचा. आधी पुढची चाकं सुटतात तो प्रकार, वळणावर स्टिअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीय, बहुतेक आपल्या गाड्यांना पुढच्या चाकांना ड्राइव्ह असल्यामुळे आपल्याला हाच जास्त भेटतो. माणूस काय करतो, अजून वळवतो, आणि चाकं अजून आडवी होऊन अजूनच सुटतात. करायचं उलटं आहे, गॅसवरचा पाय उचलायचा, म्हणजे वजन पुढे येतं, स्टिअरिंग किंचित सरळ करायचं, पकड येईपर्यंत थांबायचं आणि मग परत वळवायचं. अर्धा सेकंद धीर धरायचा असतो फक्त, पण तो अर्धा सेकंद धरता यायला मला चौदा-पंधरा फेऱ्या लागल्या.

मग मागची चाकं सुटतात तो. शेजारून ते हँडब्रेक ओढायचे आणि गाडीचं मागचं अंग भस्सकन बाहेर. पहिल्या फेरीला मी तेच केलं जे गायमुखला केलं होतं, ब्रेक दाबला आणि बर्फाच्या ढिगाऱ्याकडे बघत राहिले. आत गेलो. काचेवर सगळा पांढरा भुगा. ते शांतपणे म्हणाले, तुम्ही ढिगाऱ्याकडे बघत होतात, हात डोळ्यांच्या मागे जातात, जिथे जायचंय तिकडे बघा. मी त्यांना म्हटलं, मी एकदा कठड्याकडे अशीच बघत राहिले होते. ते काही बोलले नाहीत, गाडी बाहेर निघाल्यावर म्हणाले, परत.

परत. परत. पाचव्या का सहाव्या वेळेला मागचं अंग सुटलं आणि मी मान वळवून, अक्षरशः मान वळवून, बाजूच्या खिडकीतून पुढचा रस्ता बघितला आणि हात आपोआप तिकडे गेले, गाडी सावरली, आणि ते ओरडले सरळ करा सरळ करा, कारण सावरल्यावर स्टिअरिंग लगेच सरळ केलं नाही तर गाडी दुसऱ्या बाजूला त्याहून जोरात फिरते. ती पण फिरली एकदोनदा. संध्याकाळपर्यंत मी न सांगता करत होते. लेक पलीकडच्या ट्रॅकवर होती, तिची गाडी गिरक्या घेत होती आणि ती आत हसताना दिसत होती.

नॉर्वे-स्वीडनमध्ये कारचं लायसन्स मिळवायचं तर असं घसरड्या ट्रॅकवरचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं. आपल्याकडे कोकणपट्टीत चार महिने पाऊस, घाट पावलोपावली, आणि आपल्या शिकाऊ मुलांना क्लच-गिअर नि रिव्हर्स यापलीकडे गाडी घसरली तर काय हे कुणी दाखवतच नाही. एखादं मोकळं गुळगुळीत आवार आणि पाण्याचा टँकर एवढ्यात होण्यासारखं आहे. मला याची मनापासून चीड येते, कारण माझी सात वर्षं गेली आणि माझं नशीब म्हणून तेवढीच गेली.

आता पाऊस. परत आल्यावर मी पहिल्यांदा टायर बघितले. खाचांची खोली १.६ मिलिमीटर राहीपर्यंत कायद्याने चालतं, पण या खाचा पाणी बाहेर काढायला असतात, त्या उथळ झाल्या की जोराच्या पावसात टायर पाण्यावर तरंगायला लागतो, ऐंशी-नव्वदच्या पुढे तर नव्या टायरलाही धोका, गुळगुळीत टायरला त्याच्या कितीतरी आधी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कळंबोली सोडली की लोक भर पावसात शंभरने जातात आणि वाहनाचं वजन आहे ना एवढं, कसं तरंगेल असं म्हणतात. तरंगतं. मी तीन मिलिमीटरला टायर बदलते आता, नवरा म्हणतो अजून वर्षभर चालले असते, म्हणू दे. आणि वेग कमी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं, हे मी आता कुणालाही सांगत सुटते.

गेल्या जुलैत वसईला मावशीकडे परत गेलो, मी आणि आई. आई आता ८१. येताना पाऊस, मावशीने डबा दिला, या वेळी अळूवड्यांचा. आईला म्हटलं मागे ठेव, तर नाही, मांडीवरच. गायमुखच्या उतारावर एका वळणाला कुठल्यातरी ट्रकचं डिझेल सांडलेलं असणार, रंगीत तवंग मला दिसला तोपर्यंत पुढची चाकं त्यावर गेली होती. स्टिअरिंग हलकं झालं. तेच हलकं. पाय वर आला, ब्रेककडे गेला नाही, हात किंचित सरळ झाले, मी कठड्याकडे नाही, वळणाच्या पलीकडे जिथे रस्ता खाली जातो तिथे बघत होते. एक, दीड सेकंद. मग टायरचा आवाज परत आला, स्टिअरिंगला वजन आलं, मी वळवलं आणि गाडी आपल्या लेनमध्ये.

आईने डब्यावरचा हात न काढता विचारलं, "एसी जरा कमी होतो का गं, पायाला गार लागतंय."

मी कमी केला.