नेमाला गुणच नव्हते

कॅनडात बंदूक घेऊन शिकारीला जायचं तर दोन वेगवेगळे परवाने लागतात, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच उडतो. बंदूक बाळगण्याचा परवाना केंद्र सरकारचा. त्याचं लांबलचक नाव पझेशन अँड अ‍ॅक्विझिशन लायसन्स, पण सगळे नुसतं 'पाल' म्हणतात. शिकारीचा परवाना मात्र प्रांताचा, म्हणजे माझ्या बाबतीत ओंटारिओचा. नुसता पाल असला तर बंदूक विकत घेता येते, घरी ठेवता येते, रेंजवर जाऊन उडवता येते, पण रानात पाखरावर बार टाकता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक लोक दोन्ही कोर्स एकाच शनिवार-रविवारी उरकून घेतात. मीही तेच केलं.

मी राहतो सडबरीत, टोरांटोपासून गाडीने चारेक तास उत्तरेला. निकेलच्या खाणींचं गाव. सप्टेंबर उजाडला की आमच्या पाळीतली माणसं रजेचे अर्ज आणि काडतुसांचे भाव यांपलीकडे काही बोलत नाहीत. दोन-तीन हिवाळे मी नुसता ऐकत होतो. मग वाटलं, आपणही शिकावं.

बंदूक मला अगदीच परकी नव्हती. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. सिंधुदुर्गात अशी बंदूक असलेली घरं पुष्कळ. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, भात तुडवणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते, पण बंदूक खुंटीवर राहिली. ती भरलेली आहे की रिकामी, हे आजोबांना ठाऊक असायचं आणि तेवढ्यावर सगळं घर निश्चिंत. आम्हा पोरांचं प्रशिक्षण म्हणजे 'हात लावशील तर बघ' एवढंच.

त्यामुळे कोर्सला गेलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती: आपला नेम कसा असेल? प्रशिक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की या दोन दिवसांत कुणीही एकही गोळी झाडणार नाही. वर्गातल्या बंदुका निकामी केलेल्या, काडतुसं नकली. परीक्षा दोन, लेखी आणि प्रात्यक्षिक, आणि दोन्हींत 80 टक्के हवेत. नेमाला गुण शून्य.

वर्ग मिश्र होता. चौदा वर्षांची एक मुलगी आणि तिचा बाप (बारा वर्षांपासून मुलांना हा कोर्स करता येतो), एक परिचारिका, खाणीतलेच दोन फिलिपिनो सहकारी, आणि साठीचे एक गृहस्थ. हे गृहस्थ लहानपणापासून बापाच्या मागे रानात हिंडलेले, पण स्वतःच्या नावावर कागद कधी केला नव्हता. ते जरा हातांची घडी घालून मागे रेलूनच बसले होते.

पहिला धडा चार नियमांचा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. नळीचं तोंड कुठे आहे यावर सतत ताबा ठेवा. बोट चापापासून आणि चापाच्या कड्यापासून बाहेर. आणि चौथा, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. या चौथ्या नियमाला पुन्हा पाच पायऱ्या आहेत: तोंड सगळ्यात सुरक्षित दिशेला वळवा, असतील तेवढी काडतुसं काढा, चेंबरमध्ये (बार उडताना काडतूस बसतं त्या खोबणीत) बघा, काडतूस चेंबरपर्यंत जिथून सरकतं ती वाट तपासा, आणि शेवटी नळी आरपार बघा. दोन दिवसांत या पाच पायऱ्या आम्ही इतक्या वेळा केल्या, की घरी गेल्यावर टीव्हीचा रिमोट उचलतानाही माझं बोट सरळ राहत होतं.

नळी आरपार का बघायची, हे त्यांनी सांगितलं नाही, दाखवलं. शॉटगनचा गेज म्हणजे काय तर नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो. बारा गोळ्या झाल्या तर बारा गेज, आपल्याकडचा बारा बोअर. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. 20 गेजचं काडतूस म्हणून बारापेक्षा बारीक असतं, आणि ते पिवळ्या रंगाचंच करतात. प्रशिक्षकांनी उभी चिरलेली एक बारा गेजची नळी टेबलावर ठेवली आणि तिच्यात ते पिवळं काडतूस सोडलं. ते चेंबरमधून पुढे घसरलं आणि नळीत जाऊन अडकलं. मग म्हणाले, आता मागून चेंबरमध्ये बघा. चेंबर स्वच्छ रिकामा. त्यात बाराचं काडतूस आरामात बसलं. चाप ओढला असता तर मागच्या बारापुढे अख्खं काडतूस आडवं, आणि नळी फुटली असती ती डाव्या हाताच्या बोटांपाशी. साठीचे गृहस्थसुद्धा तेव्हा पुढे वाकून बघत होते.

ठासणीच्या बंदुकीवरही एक भाग होता, तो मी कान टवकारून ऐकला. तिला मागून उघडता येत नाही, मग रिकामी कशी ओळखायची? गज नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी येईल तिथे खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीला लावून बघायचा. खूण नळीच्या तोंडाशी असताना गजाचं टोक मागे बार पेटवायच्या भोकाच्या अलीकडेच थांबलं, तर आत बार आहे. नुसती केप (बार पेटवणारी टिकली) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. त्या रात्री मी गावी काकांना व्हिडिओ कॉल लावला. "थंय जावन तू आता डुकर मारतलंस काय रे?" इथून सुरुवात झाली. पण गजाची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी खुंटीवरून बंदूक काढली आणि अंगणात जाऊन तसंच करून बघितलं. गज दोन बोटं अलीकडे थांबला. गणपतीच्या आधी भात राखायला भरलेला बार तसाच आत होता, आणि काकांना वाटत होतं तो चुलतभावाने केव्हाच काढला असेल.

प्रात्यक्षिकात वेगवेगळ्या जातीच्या बंदुका हाताळाव्या लागतात: बोल्टची रायफल, लिव्हरची, मोडून उघडणारी दुनळी, पंपाची. पंपाची हातात घेतली की पुढचा दांडा घट्ट असतो, मागे येत नाही. सोडवायचा खटका चापाच्या जवळच, आणि नवख्याचं बोट नेमकं तिथे घोटाळतं. खटका दाबायचा, दांडा मागे घ्यायचा, चेंबरमध्ये नजर, मग खाली मॅगझिनच्या, म्हणजे पुढची काडतुसं ठेवायच्या, नळीत शेवटचा रंगीत प्लास्टिकचा तुकडा दिसतो का ते बघायचं. तो दिसला म्हणजे मध्ये काडतूस नाही. मग नकली काडतुसांच्या ढिगातून योग्य ते निवडायचं. नळीवर कोरलेलं वाचायचं आणि काडतुसाच्या बुडावरच्या शिक्क्याशी जुळवायचं. 'साधारण तेवढंच दिसतंय' चालत नाही.

कुंपण ओलांडणं हाही परीक्षेचा भाग. बंदूक रिकामी करायची, कुंपणाखालून पलीकडे ठेवायची, तोंड आपल्यापासून दूर, मग थोडं बाजूला सरकून आपण जायचं. वर्गात दोन खुर्च्यांना दोरी बांधून कुंपण केलं होतं. साठीच्या गृहस्थांनी हे सगळं झोकात केलं. हात सराईत, एकही हालचाल फुकट नाही. आणि मग प्रशिक्षकांनी काहीतरी विचारलं म्हणून बंदुकीसकट वळले. नळीचं तोंड आमच्या अख्ख्या रांगेवरून फिरलं. प्रशिक्षकांनी आवाज चढवला नाही, कागदावर काहीतरी लिहिलं आणि "पुन्हा या" म्हणाले. चौदा वर्षांची मुलगी पहिल्या झटक्यात पास झाली. लहानपणी न शिकलेलं विसरावं लागत नाही, हा तिचा फायदा.

शिकारीच्या कोर्समध्ये बराचसा कायदा आहे आणि तो वाटला त्यापेक्षा रंजक निघाला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ. त्यानंतर रानात बंदूक रिकामी आणि पिशवीबंद. भरलेली बंदूक गाडीत ठेवणं हा गुन्हा. हरणांच्या आणि मूसच्या (इथलं अवाढव्य हरण) बंदुकीच्या मोसमात कंबरेच्या वर किमान 400 चौरस इंच भडक नारिंगी कपडा आणि डोक्यावर नारिंगी टोपी, मग तुम्ही ससा मारायला का आलेला असेना. शिकारीचं मांस विकता येत नाही, आणि खाण्याजोगं मांस टाकून देऊन नासवलं तर तोही गुन्हा. शेवटची अट मला सगळ्यात आवडली. पुढे हरणांची चित्रं दाखवत आणि विचारत: गोळी झाडाल का? टेकडीच्या माथ्यावर आकाशात उठून दिसणारं हरण होतं, चित्र मोठं मोहाचं. उत्तर नाही. नेम चुकला तर पलीकडे काय आहे ते दिसत नाही.

पास झालो आणि मग पालचा अर्ज. हा भाग इतका खाजगी असेल असं वाटलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत घटस्फोट झालाय का, नातं तुटलंय का, नोकरी गेलीय का, दिवाळं निघालंय का, सगळं विचारतात. किमान तीन वर्षं ओळखणारी दोन माणसं द्यावी लागतात. आणि जोडीदाराची सही. सही केली नाही तर अर्ज आपोआप फेटाळत नाहीत, पण तिला सरकारकडून कळवलं जातं. बायकोने फॉर्म दोनदा वाचला, मग विचारलं, "आणि कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार?" तिच्याकडे, असं ठरलं तेव्हा पेन उचललं. घटस्फोटित जोडीदारालासुद्धा कळवण्याची या अर्जात सोय आहे, दोन वर्षांच्या आतला असेल तर. आपल्याकडे कुणी असा प्रश्न छापायची हिंमत करेल असं मला वाटत नाही, पण मुद्दा बिनतोड आहे.

अर्ज जातो न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी नावाच्या गावी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं, त्याआधी परवाना निघतच नाही. रागाच्या भरात कुणी बंदूक घ्यायला जाऊ नये हा त्यामागचा हेतू. ज्यांची नावं दिली होती त्यांपैकी एक मराठी मंडळातले स्नेही. त्यांना चौकशीचा फोन आला, आणि पुढच्या स्नेहसंमेलनात मला पोहे देताना चार जणांनी "काय, आता जपून बोलायला हवं!" हा विनोद केला. पाचवा मी स्वतःच करून टाकला.

कार्ड आलं. पाच वर्षांचं. दुकानात मी 20 गेजची पंपाची मॉसबर्ग 500 घेतली. मी डावखुरा आहे, आणि तिचा सुरक्षेचा खटका वर पाठीवर, दोन्ही हातांच्या अंगठ्याला सारखा. दुकानदाराने कार्ड बघून समाधान मानलं नाही. 2022पासून साध्या लांब बंदुकीलाही विक्रीआधी परवाना पडताळून केंद्राकडून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. मॅगझिनमध्ये एक लाकडी दांडी घातलेली होती, चेंबर धरून बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून. ती काढू नकोस, एवढं त्याने बजावलं.

आता तक्रार. इतकं सगळं होऊन मी अजून एकदाही बार टाकलेला नव्हता, आणि कायद्याने मला कुणी अडवत नव्हतं. 'आधी रिकामी करायला शिका' हा क्रम योग्यच, पण उडवून दाखवायची एक तासाची अट तरी हवी होती. जखमी करून सोडलेलं जनावर हाही बेजबाबदारपणाच. मी रेंजवर गेलो, पंचवीस यार्डांवर मोठा कागद लावला, तीस इंचांचं वर्तुळ काढलं आणि छर्रे कसे पसरतात ते बघितलं. पहिल्या बाराला खांद्यापेक्षा गालाला जास्त कळतं. एका सहकाऱ्याने दस्ता गालाशी कसा टेकवायचा ते दाखवलं, मग वर्तुळ भरायला लागलं.

सप्टेंबरच्या मध्यात ग्राउजचा मोसम सुरू होतो. रानकोंबडीच्या कुळातला हा पक्षी, इथले जुने लोक त्याला पार्ट्रिज म्हणतात. टिमिन्सकडे जाणाऱ्या 144 नंबरच्या रस्त्यावरून लाकूडतोडीच्या जुन्या वाटा आत फुटतात. सकाळी पक्षी तिथे खडे टिपायला आणि क्लोव्हर खायला येतात. सहकारी पुढे, मी मागे, दोघांच्या नळ्यांची तोंडं विरुद्ध बाजूंना. पहिला पक्षी एवढ्या जोरात फडफडून उडाला की दोघांपैकी कुणाचीच बंदूक वर गेली नाही. दुपारपर्यंत मात्र दोन मिळाले. दिवसाची मर्यादा पाच.

परतताना वाटेच्या तोंडाशी वन्यजीव अधिकाऱ्याची गाडी उभी होती. "बंदूक रिकामी आहे?" "हो." "थँक्यू," म्हणाला, आणि तरीही दांडा मागे ओढून स्वतः आत बघितलं. मग कार्ड, मग परवाना, मग पक्षी मोजले.

सहकाऱ्याने पक्षी साफ करायची युक्ती दाखवली. पक्षी उताणा ठेवायचा, दोन्ही पंखांवर पाय द्यायचे अगदी अंगालगत, आणि तंगड्या धरून सावकाश वर ओढायचं. छातीचं मांस पंखांसकट मोकळं होतं. चरबी नावाला नाही, त्यामुळे आच जास्त झाली तर चिवट होतं. बायकोने मालवणी मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून सुकं केलं, वरून आमसूल. पहिल्याच घासाला एक छर्रा तिच्या दाताखाली आला. वाटपात घालायच्या आधी मांस बोटांनी चाचपून छर्रे काढायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.