हॅरी कॉलला सगळं ऐकू येतं

तुझा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं तर हल्ली मला विचार करावा लागत नाही. फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन', १९७४ सालचा. त्याच वर्षी कपोलाचा 'गॉडफादर'चा दुसरा भागही आला. ऑस्करला हे दोन्ही एकमेकांसमोर उभे राहिले आणि 'गॉडफादर' जिंकला. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात मात्र सर्वोच्च पारितोषिक 'द कॉन्व्हर्सेशन'लाच मिळालं होतं. तरी कपोला म्हटलं की लोक हा सिनेमा विसरतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. (पुढे शेवटाबद्दलही लिहिलं आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

मी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढण्याचं काम करते. संशोधक लोकांशी बोलतात, ते बोलणं माझ्याकडे येतं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, एकच वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकायचं. कुठे भांडं आपटतं, कुठे पंखा घरघरतो आणि नेमका तिथेच महत्त्वाचा शब्द बुडतो. म्हणून सिनेमाचा नायक, जीन हॅकमनचा हॅरी कॉल टेपयंत्रापुढे बसून तेच संभाषण पुन्हापुन्हा फिरवतो, तेव्हा त्याची बोटं बघताना मला हा माणूस आतून ओळखीचा वाटतो.

हॅरी दुसऱ्यांची बोलणी चोरून टिपणारा. या धंद्यातला नावाजलेला तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये दुपारच्या गर्दीत एक तरुण जोडपं चकरा मारत बोलतंय. कॅमेरा उंचावरून हळूहळू खाली येतो आणि मधूनच आवाज फाटतो, खरखरतो. आपण सिनेमा पाहत नसून कुणावर तरी पाळत ठेवतोय, हे लक्षात यायला जरा वेळ लागतो. तीन ठिकाणांहून टिपलेला तो आवाज हॅरी एकत्र जुळवतो आणि ड्रमच्या गोंगाटाखालून एक वाक्य वर येतं: संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल. 'तो' म्हणजे त्या तरुणीचा नवरा.

हॅरी हादरतो. त्याच्या जुन्या एका कामामुळे न्यूयॉर्कमध्ये तीन माणसांचा खून झालेला असतो. ते ओझं घेऊन तो चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापाची कबुली द्यायला जातो, पण कुणापाशी मोकळा होत नाही. सहकारी स्टॅन विचारतो, हे दोघं नक्की काय बोलतायत? हॅरी चिडतो. ते काय बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्याला स्वच्छ रेकॉर्डिंग हवंय. (स्टॅनचं काम करणारा जॉन कझाल फक्त पाच सिनेमांत दिसला, आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोचले.) घरात फोन असून हॅरी लोकांना नाही म्हणून सांगतो. दाराला कुलपांवर कुलपं. घरमालकीण वाढदिवसाची भेट आत ठेवून गेली, तर तिच्याकडे आपल्या घराची किल्ली कशी, याचाच त्याला घोर. त्याची मैत्रीण एमी त्याला जीव लावते, पण तिने दोन प्रश्न विचारले की तो उठून निघून जातो.

आणि याच माणसाच्या टेपवर ती तरुणी बाकावर झोपलेल्या एका बेवारस म्हाताऱ्याकडे बघून म्हणते, हाही कधीतरी कुणाचं तरी लहान बाळ असेल. हॅरी ते ऐकत पडून राहतो. माझ्या मते तो तिथेच फसतो. इतक्या हळव्या आवाजाची बाई बळीच असणार, असं त्याचं मन ठरवून टाकतं. त्यात त्या तीन खुनांचं पाप धुऊन काढायची घाई.

शेवटी तेच वाक्य पुन्हा येतं. आतापर्यंत जोर 'मारून टाकेल'वर ऐकू येत होता, आता तो 'आपल्याला' या शब्दावर पडतो. तो आपल्याला मारेल, म्हणून आधी आपण त्याला. बळी वाटलेलं जोडपंच खुनी निघतं. आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चने हे संवाद नटांकडून शांत जागी पुन्हा म्हणवून घेतले होते. त्यात जोडप्यातल्या तरुणाचं काम करणाऱ्या फ्रेडरिक फॉरेस्टने एकदा जोर असा वेगळा दिला. मर्चने तेव्हा तो बाजूला ठेवला आणि नंतर नेमका तोच शेवटाला वापरला. जोर हॅरीच्या डोक्यात बदलतो की टेपवर पहिल्यापासून तसाच होता, याचं उत्तर सिनेमा देत नाही.

माझ्या कामात हे रोज समोर येतं. एका वृद्ध बाईंच्या मुलाखतीत वाक्य होतं, "मला कुणी विचारलंच नाही." लिहिताना चार शब्द. ऐकताना त्यात तक्रार होती की सुटका झाल्याचं समाधान, ते शेवटपर्यंत मला सांगता आलं नसतं. कागदावर जे उतरतं ते बिनचूक असतं आणि तरी बाई त्यात पूर्ण येत नाहीत. हे कुणीतरी पडद्यावर इतकं नेमकं मांडलंय, म्हणून हा सिनेमा माझा झाला.

माझ्या एका मैत्रिणीला हॅरी भित्रा वाटतो. हॉटेलच्या खोलीत खून होत असताना तो शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून पांघरुणात तोंड लपवतो, हे तिला सहन होत नाही. मला तिचं पटत नाही. लोक काय बोलतात याच्याशी देणंघेणं नाही, म्हणत जगलेला हा माणूस स्वतःहून त्या हॉटेलात जातो, लगतची खोली मागून घेतो, बाथरूमच्या भिंतीला भोक पाडून ऐकायला बसतो. पुढे त्याचा धीर सुटतो, हे खरं. पण तिथवर त्याला कुणी पाठवलेलं नसतं, आणि त्या कामाचे पैसेही त्याला मिळणार नसतात.